उड्डाणाच्या इतिहासातली माणसं आणि क्षण: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, विमान कारखाना आहे. त्यामुळे ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यातल्या मुलांना विमानाचं अप्रूप नसतं, असा बाहेरच्यांचा समज आहे. तो खरा नाही. डोक्यावरून सुखोई लढाऊ विमान गेलं की आजही माना वर होतात आणि पाठोपाठ प्रश्न येतात. शाळांमधून, वाचनालयांमधून, घरी आलेल्या पाहुण्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो. उड्डाणाच्या इतिहासात वैमानिकांची नावं मोठ्या अक्षरात लिहिली जातात, पण ते यंत्र उडण्याजोगं करणाऱ्या हातांना मी तितकंच मोठं मानतो. नाशिकचं या इतिहासातलं स्थान त्या हातांमुळेच आहे.

विमानाचा शोध राइट बंधूंनीच लावला का? त्यांच्याआधी कुणी उडालंच नव्हतं?

उडाले होते, आणि बऱ्याच आधी. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की द आर्लांद हे दोघे माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून सुमारे २५ मिनिटं तरंगले. त्याच्या दोन महिने आधी व्हर्सायच्या राजवाड्यासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे तीन प्रवासी वर पाठवले होते. उंचावरच्या हवेत जीव तगतो का, एवढंच पाहायचं होतं. तगले. पण फुगा वारा नेईल तिकडे जातो.

पंखांनी उडण्याचा विचार नीट मांडला तो इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी. १७९९ मध्ये त्यांनी चांदीच्या एका चकतीवर स्थिर पंखांच्या विमानाचं चित्र कोरलं. पक्ष्यासारखे पंख फडफडवायचे नाहीत, उचलण्याचं काम पंखाने करायचं आणि पुढे ढकलण्याचं काम दुसऱ्या कशाने तरी, ही त्यातली कल्पना. पुढे जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी स्वतः बनवलेल्या ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली. ऑगस्ट १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या मृत्यूची बातमी वाचून अमेरिकेत डेटन गावी सायकलींचं दुकान चालवणारे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या विषयात ओढले गेले.

राइट बंधूंनी वेगळं काय केलं, तर त्यांनी ताब्याचा प्रश्न सोडवला. बाकीचे लोक मोठं इंजिन कसं बसवायचं याच्या मागे होते. हवेत गेल्यावर यंत्र कलंडलं तर ते सावरायचं कसं, हे या दोघांनी आधी शोधलं. १८९९ मध्ये त्यांनी दोन मजली पंखांचा सुमारे पाच फुटांचा पतंग केला, त्याला चार दोऱ्या लावल्या आणि जमिनीवरून ओढून पंखांची टोकं उलटसुलट पिळता येतात का ते पाहिलं. पंख पिळला की पतंग हवा तसा कलायचा. येवल्यात संक्रांतीला हातात आसारी (मांजाची फिरकी) धरून गच्चीवर उभं राहिलेल्या कुणालाही यातली गंमत लगेच कळेल. डाव्या-उजव्या बाजूला कलणं, नाक वर-खाली करणं आणि नाक डावी-उजवीकडे वळवणं या तिन्ही हालचालींवर एकाच वेळी वैमानिकाचा ताबा, हे त्यांचं खरं देणं आहे. आजचं तेजसही त्याच तत्त्वावर उडतं.

(येवल्याचा विषय निघालाच आहे, तर नायलॉन मांजा वापरू नका. माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख दोन्ही कापले जातात, आणि त्यावर बंदीही आहे.)

१७ डिसेंबर १९०३ ला नेमकं काय घडलं?

खरी सुरुवात तीन दिवस आधीची. १४ डिसेंबरला दोघा भावांनी नाणं उडवलं, विल्बर जिंकला, विमान रुळावरून सुटलं आणि साडेतीन सेकंदांत वाळूत आपटलं. दुरुस्तीला वेळ गेला. १७ तारखेला पाळी ऑर्व्हिलची होती.

जागा होती नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकजवळची किल डेव्हिल हिल्स ही वाळूची टेकाडं. थंडी कडाक्याची, वारा ताशी चाळीसेक किलोमीटरचा. सकाळी साडेदहाच्या पुढे पहिलं उड्डाण झालं ते १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. दिवसभरात चार उड्डाणं झाली. शेवटचं विल्बरचं, ५९ सेकंद आणि ८५२ फूट. मग वाऱ्याचा एक झोत आला, जमिनीवर उभं असलेलं विमान उलटंपालटं झालं आणि ते पुन्हा कधीच उडालं नाही.

पाच माणसं हे पाहायला हजर होती. त्यांतला जॉन डॅनियल्स हा समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यावरचा माणूस. ऑर्व्हिलने कॅमेरा रोखून ठेवला होता, फोटो टिपण्यासाठी त्याचा रबरी फुगा दाबायचं काम याच्याकडे दिलं होतं. डॅनियल्सने आयुष्यात त्याआधी एकही फोटो काढला नव्हता. त्याने काढलेला तो फोटो आज जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे.

चार्ली टेलर कोण? त्याचं नाव पुस्तकात का नसतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारला की मला मनापासून आनंद होतो.

राइट बंधूंना हलकं इंजिन हवं होतं आणि कुठलाही कारखानदार ते द्यायला तयार नव्हता. चार्ली टेलर हा त्यांच्या सायकल दुकानातला मेकॅनिक. दुकानात एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि हातहत्यारं, एवढंच सामान. नीट काढलेली ड्रॉइंगही नव्हती. तिघांनी कागदावर कच्ची आकृती काढायची, टेलरने ती समोर टांगून भाग कापायचा. सहा आठवड्यांत त्याने चार सिलिंडरचं, सुमारे १२ अश्वशक्तीचं इंजिन उभं केलं. वजन वाचवण्यासाठी त्याचं मुख्य आवरण ॲल्युमिनियमचं ओतून घेतलं होतं. १९०३ मध्ये ही साधी गोष्ट नव्हती. पंखे फिरवायला सायकलसारखीच साखळी होती.

टेलरचं उतारवय हलाखीत गेलं आणि १९५६ मध्ये तो वारला. आज अमेरिकेत विमान देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस त्याच्या वाढदिवशी, २४ मे रोजी पाळतात. ओझरच्या शॉपमध्ये पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक फिटरने हे नाव पाठ करून ठेवावं.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच मुंबईत विमान उडवलं होतं, हे खरं आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर जपून देतो, पण स्पष्ट देतो.

तळपदे हे खरे गृहस्थ. मुंबईत राहणारे, संस्कृतात रस असणारे, विमानकलेच्या ध्यासाने झपाटलेले. १९१६ च्या सुमारास ते वारले. गिरगाव चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचं मानवरहित यंत्र दीड हजार फूट उंच उडवलं, अशी कथा सांगितली जाते. त्या घटनेचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा, म्हणजे वर्तमानपत्राचा अंक, पत्र किंवा छायाचित्र, आजवर कुणी समोर ठेवलेला नाही. कथेत वेगवेगळ्या थोरांची नावं साक्षीदार म्हणून येतात, पण त्यांच्या कागदपत्रांत नोंद दाखवली जात नाही.

ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये केला. हा मजकूर पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहून घेतला होता, तो प्राचीन नाही आणि त्यातल्या आकृत्यांप्रमाणे केलेलं यंत्र उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांतल्या काहींना संस्कृत येत होतं आणि सगळेच विमानशास्त्राचे जाणकार होते.

मग तळपद्यांना काय मानायचं? त्या काळात, हाती काही नसताना उडण्याचा विचार करणारा मराठी माणूस म्हणून मी त्यांना मानतो. अंजनेरीच्या पायथ्याशी सूर्याकडे झेपावलेल्या बाळ हनुमानाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला उड्डाणाची ओढ कुणी शिकवायला नको. पण ओढ ही एक गोष्ट आणि सिद्ध झालेलं उड्डाण ही दुसरी. अभिमानच बाळगायचा असेल, तर पुढे विष्णू घाटगे यांचं नाव येतंय. तिथे कागद, यंत्र आणि उड्डाण तिन्ही आहेत.

ब्राझीलमध्ये म्हणे राइट बंधूंना मानत नाहीत?

तिथे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांना मान आहे. १२ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी सगळ्या शहरासमोर २२० मीटर उड्डाण केलं आणि त्यांचं विमान स्वतःच्या चाकांवर धावून उडालं. राइट बंधूंचं रुळावरून सुटायचं. मात्र ऑक्टोबर १९०५ पर्यंत राइट बंधू ३९ मिनिटं हवेत फिरून दाखवत होते, त्यामुळे क्रमाबद्दल शंका उरत नाही.

भारतात विमान कधी आलं?

१९१०-११ च्या हिवाळ्यात. लक्षात ठेवण्याजोगा दिवस १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथून फ्रेंच वैमानिक आंरी पेके याने सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला विमान नेलं. अंतर दहाएक किलोमीटर, वेळ तेरा मिनिटांच्या आसपास. विमानाने अधिकृत टपाल नेण्याची ही जगातली पहिली वेळ.

जेआरडी टाटांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यात नवीन काय सांगाल?

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. मला मात्र १९३० ची गोष्ट जास्त आवडते.

भारत ते इंग्लंड किंवा उलट, असा एकट्याने प्रवास करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून इंग्लंडहून येत होता अस्पी इंजिनीअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लग नसल्याने अडकून बसला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. बक्षीस अस्पीने जिंकलं. तोच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, १९६० ते १९६४ या काळात. म्हणजे मिग-२१ हे सोव्हिएत लढाऊ विमान भारतात आलं तेव्हा दलाची सूत्रं त्याच्याच हाती होती.

एचएएल ही कंपनी नाशिकची की बंगळूरची?

मूळ बंगळूरची. पण ती सुरू करणाऱ्या माणसाचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना उभारला. ज्यांच्या गोळ्या-चॉकलेटांवर दोन-तीन पिढ्या वाढल्या, तेच हे रावळगाव. १९३९ मध्ये पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी पडली आणि भारतात विमान कारखाना काढायचं तिथेच बोलणं झालं. २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट स्थापन झाली. दुसरं महायुद्ध सुरू होतं. सरकारने आधी भागीदारी घेतली आणि १९४२ मध्ये कारभारच हाती घेतला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली एरोनॉटिक्स इंडिया या दोन कंपन्या एकत्र झाल्या आणि आजची एचएएल तयार झाली.

विष्णू घाटगे कोण होते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या गावी १९०८ मध्ये जन्मलेला मुलगा. तो जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठात गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आला. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं गणित त्यांनी मांडलं, आणि आज कुठल्याही पंखाचं डिझाइन त्याशिवाय होत नाही. हसूरचंपूहून ग्यॉटिंगेनपर्यंतचा हा प्रवास १९३० च्या दशकातला आहे, हे लक्षात घ्या.

परतल्यावर घाटगे बंगळूरला विमानशास्त्र शिकवू लागले आणि एचएएलमध्ये डिझाइनचं काम उभं करू लागले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्या चमूने रचलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान जिमी मुन्शी यांनी पहिल्यांदा उडवलं. भारतात रचलेलं आणि बनलेलं, कारखान्यातून मालिकेने बाहेर पडलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. पुढच्या कितीतरी वर्षांत हवाई दलाचे वैमानिक त्यावरच उडायला शिकले. १९५८ चं पुष्पक आणि १९६४ चं किरण हे जेट प्रशिक्षण विमान याच परंपरेतलं. पुष्पक हे नाव पुराणातलं, गणित ग्यॉटिंगेनचं, जुळणी बंगळूरची. तळपद्यांच्या गोष्टीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी घाटग्यांचं चरित्र वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

घाटग्यांनी विमान रचलं ते शिकाऊ पोरांसाठी. लढाऊ विमानांच्या झगमगाटात हे हरवतं. पण हवाई दल उभं राहतं ते पहिल्या सोलो उड्डाणात न डगमगणाऱ्या साध्या, क्षमाशील विमानावर.

मिगचा कारखाना ओझरलाच का आला?

१९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला, आणि त्याच वर्षी चीनबरोबरच्या युद्धाने निकड वाढवली. काम तीन ठिकाणी वाटलं: विमानाचा सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला.

युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हाचं. १९६३ मध्ये लोकसभेवर ते निवडून गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. कारखाना इथे आणण्याचं श्रेय नाशिककर त्यांनाच देतात. कोरापूटच्या बाजूने वजन टाकणारे बिजू पटनायक तर स्वतः वैमानिक. १९४७ मध्ये डच फौजांना चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शाहरीर यांना त्यांनी विमानाने जावाबाहेर काढलं होतं.

ओझर गावाशेजारी बघता बघता टाऊनशिप उभी राहिली. शाळा, दवाखाना, क्वार्टर्स, आणि देशभरातून आलेली माणसं. आजही जुने लोक 'एचएएलमध्ये' म्हणत नाहीत, 'मिगमध्ये होतो' म्हणतात. १९८७ पर्यंत इथून मिग-२१ च्या एफएल, एम आणि बिस या आवृत्त्या निघाल्या. एचएएलने बनवलेल्या मिग-२१ ची एकूण संख्या ६५७ सांगितली जाते. त्यानंतर मिग-२७ आणि मग सुखोई-३० एमकेआय.

मिग-२१ ला 'उडती शवपेटी' म्हणायचे. दोष बनावटीचा होता का?

हा प्रश्न ओझरच्या घराघरांत दुखतो. नीट उत्तर द्यायला हवं.

अपघात झाले, शेकड्यांनी झाले, आणि त्यांत तरणीताठी माणसं गेली. ते कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. कारणं मात्र अनेक होती. मिग-२१ हे पन्नाशीच्या दशकातलं, खूप उंचावर खूप वेगाने जाऊन शत्रूचं विमान अडवण्यासाठी रचलेलं यंत्र. त्रिकोणी पंख लहान, त्यामुळे उतरताना वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. इंजिन एकच. पक्षी आत गेला किंवा इंजिन बंद पडलं, तर विचार करायला सेकंदं मिळतात. त्यातून हे विमान मूळ कामाबरोबर जमिनीवर मारा करण्यापासून प्रशिक्षणापर्यंत सगळ्यासाठी वापरलं गेलं, आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं.

सर्वांत मोठी उणीव होती प्रशिक्षणाच्या पायरीची. मंद जेटवर शिकलेला विशीतला मुलगा एकदम मिगवर जाई. मधली पायरी असावी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावं, अशी शिफारस ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच झाली होती. हॉक विमान प्रत्यक्ष दाखल झालं २००८ मध्ये. ही पाव शतकाची दिरंगाई माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

आणि याच विमानाने १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केला, दोन दिवसांनी युद्ध संपलं. नव्वदीनंतर बायसन ही सुधारित आवृत्ती आली. पहिली दोन विमानं रशियात सुधारली गेली, बाकीची ओझरला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये पहिली तुकडी उभी राहिली तीही चंडीगडलाच.

राकेश शर्मा नाशिकला होते, हे खरं का?

खरं. १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवणारे शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले आणि सल्यूत-७ स्थानकावर राहिले, हे सर्वांना माहीत असतं. हवाई दल सोडल्यावर १९८७ मध्ये ते एचएएलमध्ये आले आणि १९९२ पर्यंत नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते, हे फारसं कुणी सांगत नाही. अंतराळातून आलेला माणूस ओझरच्या धावपट्टीवरून विमानं तपासत होता.

चाचणी वैमानिक म्हणजे काय, हेही सांगतो. कारखान्यातून बाहेर पडलेलं प्रत्येक विमान आधी जमिनीवर इंजिन चालवून, मग धावपट्टीवर पळवून आणि मग हवेत नेऊन तपासतात. प्रत्येक झडप, प्रत्येक सूचक दिवा, प्रत्येक वळण कागदावरच्या आकड्याशी जुळतं का ते पाहिलं जातं. खालच्या शेकडो लोकांनी केलेल्या कामावर पहिल्यांदा जीव टाकणारा माणूस तो. एचएएलचे सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ रोजी मरुत हे भारतात रचलेलं आणि बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान प्रथम उडवलं आणि १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित नमुन्याची चाचणी घेताना ते गेले.

युद्धात गाजलेले मराठी वैमानिक कोण?

यादी मोठी होईल. दोनच नावं सांगतो, कारण ती फार कमी ऐकू येतात.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढाऊ वैमानिक होते. त्या काळी भारतीयाला वैमानिक म्हणून घेतच नसत, अगदी मोजके चौघे-पाच जण आत शिरू शकले. जून १९१८ मध्ये वेलिणकरांचं विमान पाडलं गेलं आणि शत्रूच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर फ्रान्समध्ये आहे.

दुसरे दिलीप परुळकर. १९७१ च्या युद्धात त्यांचं सुखोई-७ पडलं आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत गेले. तिथे त्यांनी पलायनाचा बेत आखला. ऑगस्ट १९७२ मध्ये वादळी पावसाच्या रात्री ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडले. पेशावर गाठलं, तिथून खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर होती. पुढचं स्टेशन लंडी खाना कुठे, असं त्यांनी विचारलं आणि तिथेच घात झाला. नकाशावर असलेलं ते स्टेशन केव्हाच बंद पडलं होतं. स्थानिक माणूस ते विचारणार नाही, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं. पुन्हा कैद, मग डिसेंबर १९७२ मध्ये सर्वांबरोबर सुटका. परुळकर २०२५ मध्ये पुण्यात वारले.

महिला वैमानिकांचा नाशिकशी काही संबंध?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही जवळचे.

१९३६ मध्ये लाहोरला एकवीस वर्षांच्या सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवलं. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं फॉकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, तेव्हा आत वैमानिकांसह सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या. हवाई दलाने लढाऊ विमानं स्त्रियांसाठी खुली केल्यावर अवनी चतुर्वेदी यांनी १९ फेब्रुवारी २०१८ रोजी जामनगरहून एकटीने जे विमान उडवलं, ते मिग-२१ बायसन. जवळपास सगळी बायसन ज्या हँगरमधून निघाली, ते ओझरचे.

दुसरं ठिकाण नाशिकमधलं गांधीनगर. तिथे भूदलाचं हवाई प्रशिक्षण विद्यालय आहे. २५ मे २०२२ रोजी तिथल्याच समारंभात कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर विंग्ज (वैमानिकाचं बोधचिन्ह) लागले आणि त्या भूदलाच्या हवाई शाखेतल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

ओझर आणि गांधीनगर एकच का?

नाही. ओझरचा तळ एचएएलचा. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही आहे आणि प्रवासी विमानंही तिथेच उतरतात. गांधीनगर नाशिक रोडच्या वाटेवर, उपनगरजवळ. ते भूदलाचं. शहरावर घिरट्या घालणारी चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं तिथली.

आज ओझरला काय बनतं?

सुखोई-३० एमकेआयचं काम आहेच, या कारखान्याने अशी दोनशेवर विमानं दिली. २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं, ते इथूनच. अडीच टनांचं क्षेपणास्त्र बसवण्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला होता.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस एमके-१ए ची तिसरी आणि एचटीटी-४० ची दुसरी उत्पादन साखळी ओझरला सुरू झाली आणि नाशिकमध्ये जुळवलेल्या पहिल्या तेजसने त्या दिवशी उड्डाण केलं. सगळ्यांनी तेजसकडे पाहिलं, ते साहजिकच होतं. मला आनंद एचटीटी-४० चा जास्त झाला. ते प्राथमिक प्रशिक्षण विमान आहे, घाटग्यांच्या एचटी-२ च्याच कामाचं. परवान्यावर दुसऱ्याची विमानं जुळवत आलेल्या ओझरला आता देशात रचलेली दोन विमानं मिळाली आहेत.

विमानं पाहायला आणि फोटो काढायला जाता येतं का?

तळाच्या आत नाही. कुंपणाजवळ उभं राहून फोटो किंवा व्हिडिओ काढणं, ड्रोन उडवणं हे गुन्ह्यात मोडतं. मुलांना हे आधीच सांगा.

मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात जायचं असेल तर?

उडवायचं असेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हवाई दल शाखेसाठी दोन्ही लागतात. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे आणि पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या.

घडवायचं असेल तर वाटा जास्त आहेत. अभियांत्रिकी पदवी आहेच, पण दहावीनंतरचा आयटीआयही कमी समजू नका. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडसाठी एचएएलचा नाशिक विभाग अप्रेंटिस घेतो. जाहिरात कंपनीच्या आणि केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर येते. त्यासाठी मधल्या कुणाला पैसे देऊ नका. आयटीआयच्या दिवसांत ड्रॉइंग वाचायला आणि मायक्रोमीटर धरायला मन लावून शिका.